रेवदंड्याची काकू आणि दहिवलीचं वादळ

काकू,

तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. बोलायचं राहिलेलं कागदावर बोलायची माझी जुनी खोड तुला माहीतच आहे. समोर माणूस असलं की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि ते माणूस उठून गेलं की मला सगळी उत्तरं सुचतात. आजही तसंच समज. तू उठून गेली आहेस आणि मला उत्तरं सुचायला लागली आहेत.

घरात फार रडारड नाही. काकांनी पहिले दोन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत खोबरं नव्हतं म्हणून ते चिडले. तीस वर्षं "सगळ्यात नारळ, सगळ्यात नारळ" म्हणून तुझ्याशी भांडले तेच हे काका. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले आणि मग थोडी रडले. तुला यातलं हसणंच ऐकायला आवडलं असतं.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबा खोपोलीच्या वीजघरात कारकून, त्यांची पाळी रात्रीची असायची, दिवसाची असायची, म्हणून त्यांनी मला दहिवलीला तुझ्या ओटीवर आणून सोडलं. तुला मूल नव्हतं. त्याबद्दल तू कधी काही बोलली नाहीस. तू पहिल्याच दिवशी माझी वेणी घातलीस, आणि ती अशी, की भुवया कपाळावर चढल्या. रेवदंड्याला तुझ्या माहेरी नारळाच्या सोडणाचा काथ्या वळून सुंभ करायचे, त्याच हातांनी तू माझे केस वळायचीस. पुढे बाबांनी मला पुण्याच्या मिशनच्या शाळेत घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, ही मुलगी सदा आश्चर्यात का दिसते. सुट्टीत मी तुला ते सांगितलं. तू म्हणालीस, "त्यांना म्हणावं, आमच्याकडची वेणी वादळात पन सुटत नाय गो."

तुझं ते 'गो' इथं कुणाला पचलं नाही. इथं सगळे 'गं' म्हणतात. नदीवर बायका तुझी नक्कल करायच्या, आणि तू त्यांच्याहून मोठ्यानं स्वतःचीच नक्कल करून त्यांना हरवायचीस. हे धाडस तू कुठून आणलं होतंस ते मी लांबून न्याहाळत राहायचे. शिकायला काही जमलं नाही.

आणि तुझं ते जाळं. लग्नानंतर कधीतरी तुझ्या भावानं नारळ पाठवले होते ते एका जुन्या मासेमारीच्या जाळ्यात बांधून. नारळ संपले, जाळं राहिलं. तू ते परसात बांबूवर ताणून त्यावर पडवळ चढवलंस. काका रोज सकाळी तिथं दात घासत उभे राहायचे आणि विचारायचे, "लागलं का काही जाळ्यात?" तू म्हणायचीस, "एक लागलाय. तीस वर्षं झाली, सुटत नाय."

आपला एक वाद मात्र मिटला नाही. तू म्हणायचीस की काही दिवशी दहिवलीत समुद्राचा वास येतो. मी भूगोलाचं पुस्तक आणून दाखवलं, समुद्र किती लांब, मध्ये माथेरानचा डोंगर कसा उभा. तू पुस्तकाचा वास घेतलास आणि म्हणालीस, "यालाच येत नाय, तुला कुठनं येनार." अजूनही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. पण आता वाद घालायला कुणी नाही, तर बरोबर असून करू काय.

तर ते वादळ. मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण त्यातली एक गोष्ट मी तुला नऊ वर्षं सांगितली नाही.

मी तेरा वर्षांची होते. दिवाळीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या गाडीनं घाट उतरून कर्जतला आले. काका न्यायला आले होते. ते ट्रंक उचलेपर्यंत मी स्टेशनातल्या तारघराच्या खिडकीजवळ उभी राहिले. तिथं एक इंग्रजी कागद चिकटवलेला होता. छापील किंवा लिहिलेलं काहीही दिसलं की मी वाचायची. माणसांकडे बघण्यापेक्षा ते सोपं. अरबी समुद्रात मोठं वादळ उठलं आहे, ते किनाऱ्याकडे येतं आहे, दोन दिवसांत पोचेल, आणि आधी पूर्वेकडून जोराचा वारा सुटेल, असं त्यात होतं.

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"वादळ येणार आहे."

"इथं?"

"किनाऱ्याला. पण इकडेही वारा येईल."

काका हसले. "मध्ये माथेरान आहे, बाळ. समुद्राचं वादळ तेवढा डोंगर चढून येईतो दमेल." पण ट्रंक घेऊन पूल ओलांडताना ते दोनदा आभाळाकडे बघताना मला दिसले.

घरी मी तुला तेवढंच सांगितलं: वादळ येणार आहे. तू हातातलं सूप खाली ठेवलंस. अंगणात जाऊन उभी राहिलीस, पण माथेरानाकडे तोंड करून नाही. तू घाटाकडे बघत होतीस. मला ते विचित्र वाटलं, कारण आपल्याकडे पाऊस येतो तो माथेरानाकडून, पश्चिमेकडून. सगळी घरं पश्चिमेला पाठ करून बांधलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळी दहिवली कामाला लागली होती. स्टेशनवरच्या माणसांनी पत्रे बांधायला घेतले हे लोकांनी पाहिलं, मग कुणाला शंका उरली नाही. भात नुकतंच कापून झालं होतं. वर्षाचं पोट तेवढ्या भाऱ्यांत होतं आणि त्यातलं काही अजून झोडलेलं नव्हतं. भारे गोल रचून, कणसं आत आणि वर पेंढ्याचा शेंडा अशा उडव्या खळ्यावर उभ्या होत्या. आषाढात करतात तसंच सगळ्यांनी केलं. पश्चिमेच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधले, आणि ज्यांच्या उडव्या उघड्यावर होत्या त्यांनी नवे भारे घराच्या पूर्वेला, आडोशाला आणून रचले. आपली उडवी तर आधीपासूनच घराच्या पूर्वेला होती. काका निर्धास्त होते.

तू खळ्यावर येऊन म्हणालीस, "उलटं करताय सगळे."

शेजारचा नामा, ज्याचं शेत आपल्या बांधाला लागून, तो तट्टा बांधत होता. तो म्हणाला, "काय उलटं, वयनी? तट्टा का उडवी?"

"दोन्ही. दर्यात वादळ असतं तवा वारा डोंगराकडनं येतो. दर्या वारा ओढून घेतो. आमच्या रेवदंड्याला म्हातारी मानसं वाडीतल्या नारळांच्या शेंड्यांकडं बघायची. शेंडे पान्याकडं झुकले की समजायचं, आलं."

"हितं नारल हायेत कुठं?"

"म्हनून तर सांगतेय."

हशा झाला. पंधरा-सोळा माणसं असतील. कुणी म्हणालं की वहिनींचा दर्या उलटा वाहतो. कुणी विचारलं की वारा डोंगराकडून आला तर डोंगरात मासे मिळतील का. काका दोरी वळत राहिले. माणसांसमोर बायकोची बाजू घ्यायची की बायकोला गप्प करायचं, या दोन्हींत ते कच्चे.

तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "सुलू, तू वाचलंस ना गो. काय लिहिलं होतं तिथं? वारा कुठनं म्हनतात?"

मला माहीत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पंधरा-सोळा तोंडं माझ्याकडे वळली, नामानं दोरीची गाठ अर्धी सोडून दिली, आणि मी माझ्या शाळेच्या बुटांकडे बघितलं. मग मान हलवली. म्हणजे, तसं काही नव्हतं.

ते हे, काकू. नऊ वर्षं जे मी सांगितलं नाही ते हे.

तू रागावली नाहीस. जरा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरं." मग काकांना म्हणालीस, "आपली उडवी पलीकडं न्यायची."

काका म्हणाले, "शेंडा घातलेली उडवी मोडत नाहीत." आणि ते खरंच होतं, आपल्याकडे तसंच आहे. एकदा शेंडा घातला की मळणीचा नारळ फुटेपर्यंत उडवीला हात लावायचा नाही. मोडली तर घरातली बरकत मोडते. नामानंही मान डोलावली. एवढं बोलून प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं.

तू घरात गेलीस. परत आलीस ती हातात नारळ घेऊन. खळ्याच्या मधल्या खांबासमोर, मेढीसमोर वाकलीस, नारळाला हळद-कुंकू लावलंस, आणि मेढीच्या दगडावर एका घावात फोडलास.

"मळनी सुरू झाली," तू म्हणालीस. "आता मोडता येईल."

काकांचं तोंड मला अजून दिसतं. ते त्या फुटलेल्या नारळाकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांच्या खिशातून त्यांचीच किल्ली काढून त्यांचं कुलूप उघडलं. नामा म्हणाला, "मुहूर्त नाय, काय नाय…" आणि तू म्हणालीस, "वादळाला विचारून ये मुहूर्त."

पण कुणी हललं नाही. आपल्याकडे कापणीला ठाकुरवाडीहून सोमी यायची, ती एकटी पुढं झाली. तू वर चढून शेंडा उतरवलास, सोमीनं पहिला भारा डोक्यावर घेतला. दोघी. तेवढी मोठी उडवी, आणि दोघी.

मी बूट काढले. का काढले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. जे तोंडानं बोलायचं होतं ते मला डोक्यावर घेता येईल असं वाटलं असावं. सोमीनं माझ्या डोक्यावर भारा ठेवला आणि म्हणाली, "मान ताठ ठेव गं, पडशील." पेंढ्याची कुसळं मानेतून पाठीत गेली. घराला वळसा घालून मी पश्चिमेच्या अंगाला भारा टाकला आणि परत आले. दुसरा घेतला. तिसऱ्या खेपेला काका समोर उभे होते. पुण्यात शिकणारी त्यांची पुतणी अनवाणी, केसांत पेंढा, आणि सगळं गाव बघतंय. ते माझ्या डोक्यावरचा भारा काढून घेत म्हणाले, "हा मी नेतो. तू हलके घे."

मग बाकीचे आले असं म्हणायला मला आवडलं असतं. आले नाहीत. आपण चौघांनीच दिवस मावळेपर्यंत उडवी नव्या जागी रचली. मग तू परसात जाऊन वाळलेले पडवळाचे वेल ओरबाडून काढलेस आणि ते जाळं आणून उडवीवर टाकलंस. कडांना सुंभानं दगड बांधलेस. दगड संपले तेव्हा वरवंटा बांधलास, आणि तो संपला तेव्हा काकांची लाकडी पेटी मागितलीस; ती त्यांनी दिली नाही.

नामा बांधावरून म्हणाला, "वयनी, उडवी पकडाय निघालात का म्हावरं?"

"तुजी पळाली की माझ्याच दारात येईल. तेवा माग जाळं."

सकाळी वारा सुटला तो घाटाकडून. आधी कुणाला खरं वाटेना. आपल्या पश्चिमेच्या तट्ट्याचं गवत हलतही नव्हतं, आणि पूर्वेकडची आंब्याची झाडं भिंतींवर डोकी आपटत होती. नामा दारात येऊन उभा राहिला. तुझा पदर खोचलेलाच होता. "चला," एवढंच म्हणालीस, आणि त्याची उडवी हलवायला आधी निघालीस. या वेळी सगळी आली, ज्यांनी आदल्या दिवशी हसून घेतलं होतं ती. मी पण. निम्मी उडवी आपण पलीकडे नेली. उरलेली वाऱ्यानं घेतली. भारे नदीकडे उडताना मी पाहिले. ते वजनदार असतात हे मी आदल्या दिवशी डोक्यावर शिकले होते, म्हणून मला जास्तच नवल वाटलं.

दुपारभर आपण घरात बसलो. नामाच्या घराची कौलं गेली होती, म्हणून त्याचं कुटुंब आपल्याकडे. सोमीही. बाहेर पाऊस आडवा येत होता आणि वारा गोठ्याच्या छपराशी काहीतरी हिशेब चुकता करत होता. तू फोडलेला नारळ खवायला घेतलास, "फुटलेला नारळ ठेवत नाहीत," म्हणून. नव्या भाताचे पोहे, गूळ, खोबरं. आमच्या शाळेत इतके पदार्थ असायचे, त्यातला एकही मला आता आठवत नाही. ते पोहे आठवतात. नामाची बायको रडत होती आणि खात होती, आणि तू तिला सांगत होतीस की रेवदंड्याला तुझ्या आज्यानं वादळात चुलीवरची भाकरी हातात धरून पोहत नेली. ते खरं नव्हतं. सगळे हसले, काकासुद्धा.

तिसऱ्या प्रहरी वारा पडला. आपण बाहेर गेलो. उडवी एका बाजूला कलली होती, जाळं ताणलेलं, पण आत हात घातला तर कणसं कोरडी. तू एक कणीस काढून काकांच्या तळहातावर चोळलंस. दाणे निघाले. संध्याकाळी काकांनी आपणहून ती लाकडी पेटी आणून तुझ्यासमोर ठेवली. "उशीर झाला," तू म्हणालीस.

आता पुढची गोष्ट. इतकी वर्षं तुझं मला न कळलेलं असं हेच एक होतं. त्या आठवड्यातच तू गावात सांगायला लागलीस की वाऱ्याची दिशा सुलूनं सांगितली. "माझ्या पोरीनं इंग्रजीत वाचलं होतं. मला हळूच सांगितलं. मी काय, मी आपलं ऐकलं." कागदावर खरोखर काय होतं ते तुला कुणी सांगितलं की तू ते रचलंस आणि नेमकं बरोबर रचलंस, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

मग लोक येऊ लागले. मी सुट्टीत आले की कुणाची कचेरीची नोटीस, कुणाच्या मुलाचं मुंबईहून आलेलं इंग्रजी पत्र, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरचा कागद. ओटीवर बसायचे. मी वाचून तुझ्या कानात सांगायचे आणि तू मोठ्यानं, "ती म्हनते…" करून सगळ्यांना सांगायचीस. दोन सुट्ट्या असंच चाललं. तिसऱ्या सुट्टीत एकदा नामा कागद घेऊन आला आणि तू "दूध उतू जातंय" म्हणून आत गेलीस. चुलीवर दूध नव्हतं. मी वाट बघितली. नामानं वाट बघितली. शेवटी मी स्वतः वाचून दाखवलं. आवाज इतका बारीक होता की त्याला पुढं वाकावं लागलं. तू बाहेर आलीस ती त्याच्या जाण्यानंतर, पदराला कोरडे हात पुसत.

त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. शाळेत मला उठता-बसता मानायला शिकवलं, आणि मी ते तिथंच ठेवून घरी येत राहिले.

तेराव्याला बरीच माणसं आली. सोमी डोंगरावरून आली, पळसाच्या पानांत बांधून मध घेऊन. जेवणं झाल्यावर ओटीवर तुझ्याच गोष्टी निघाल्या, आणि अर्थात वादळाची. नामा आता थकलाय, पण रंगवून सांगतो. तो म्हणाला, "वयनीनी नारल फोडला, पन खरं काम या पोरीचं. हिनं वाचून सांगितलं म्हनून तर…"

मी उभी राहिले. का ते विचारू नकोस. बसून बोलायची ताकद नव्हती म्हणूनही असेल.

"मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "मी वाचलं होतं. कागदावर पूर्वेचा वारा होता. काकूनं सगळ्यांसमोर मला विचारलं आणि मी नाही म्हणाले. तुम्हाला जिनं वाचवलं ती काकू एकटीच."

मग नामा म्हणाला, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तू मान हलवलीस ती मी बघितली ना गं. मी काय आंधला? आनि चार दिसांनी मीच ठेशनावर जाऊन त्या तारवाल्याला इचारून आलो, काय लिवलं व्हतं त्या कागदावर. वयनीला मीच सांगितलं."

सोमी तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे तिलाही.

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? वयनी म्हनल्या, पोरगी घाबरती, तिला कायतरी येतं असं तिला वाटू द्या. आनि तू वाचून दाखवत व्हतीस. आमचं काम व्हत व्हतं." त्यानं पानाची पिचकारी अंगणात टाकली. "ते र्‍हाऊ दे. यंदा भात कापून पडलंय. वयनी नाय. उद्या दर्यात काय उठलं तर आमी उडवी कोनच्या अंगाला रचायची, ते सांगून ठेव."

सगळे माझ्याकडे बघत होते, काकू. तेव्हाच्या पंधरा-सोळांहून जास्त.

"पश्चिमेच्या," मी म्हणाले. "घराच्या आडोशाला. समुद्रात वादळ असलं की आधी वारा घाटाकडून येतो. शेंडा घातला असेल तर आधी नारळ फोडा आणि मग मोडा."

ओटीच्या दुसऱ्या टोकाला काका बसले होते. त्यांना आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

नामा सांगायला वळला. मी त्याला हातानं थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.